रविवारचं नेट

वाकोडे सिस्टर गेल्या पावसाळ्यात पुण्यात वारल्या. बातमी मेहकरला आमच्या गल्लीत आली तेव्हा जो तो आधी हेच म्हणाला, की आता बी.पी. कोणाकडून पाहून घ्यायचं? वास्तविक त्या इथून जाऊन बराच काळ लोटला होता आणि बी.पी. आम्ही केव्हाचंच दुसरीकडे पाहून घेत होतो. पण बोलताना कोणाला ते सुचलं नाही.

माझी आणि त्यांची भिंत एक. मी चिखलीची, इथल्या शाळेत गणित शिकवते. भाड्याने घर घेतलं तेव्हा सामान उतरवत असतानाच शेजारच्या ओट्यावरून एक ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा लावलेली बाई उतरून आली. नाव नाही, गाव नाही. सरळ माझ्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली आणि म्हणाली, "रक्त कमी हाय तुह्यात. पालक खात जा वं." मग हात पुढे करून, "मी वाकोडे सिस्टर. जय भीम." ही आमची ओळख.

सगळी नोकरी त्यांची आरोग्य खात्यात झाली. त्यातला मोठा काळ धाडच्या दवाखान्यात आणि शेवटची वर्षं मेहकरला. निवृत्त झाल्या तरी हाक 'सिस्टर' हीच राहिली; पाळण्यातलं नाव कोणाला माहीत नव्हतं. मला त्या 'मॅडम' म्हणायच्या, पण 'अहो' नाही, 'तू'च. "मॅडम, इकडं ये वं," असं.

कुणाच्याही घरी गेल्या की आधी मोरीत जाऊन हात धुवायच्या, मग बसायच्या. "कसे आहात" हा प्रश्न त्यांना आवडायचा नाही. त्याऐवजी त्या "कधीपासून?" विचारायच्या. खोकला असो, सुनेचं भांडण असो, गळका नळ असो, कधीपासून? समोरचा सांगू लागला की मान एका बाजूला कलती करून शेवटपर्यंत ऐकायच्या आणि मग बहुतेक वेळा रागवायच्या. आभार मानायची आणि मानून घ्यायची, दोन्हींची त्यांना सवय नव्हती. स्वभाव तापट. एकदा बोलल्या की शब्द मागे घ्यायच्या नाहीत, हे सगळी गल्ली जाणून होती आणि त्याची किंमत त्यांना घरातच मोजावी लागली होती.

त्यांचा मुलगा विशाल आणि सून प्रज्ञा यांचं पटलं नाही. का पटलं नाही ते मला माहीत नाही, आणि सिस्टरांनीही कधी सांगितलं नाही. एवढंच ठाऊक आहे, की प्रज्ञा पुण्याला नोकरी धरून निघाली तेव्हा सिस्टर दारात उभ्या राहून म्हणाल्या, "जायचं तर जा. लेकरू ठेवून जा." लेकरू म्हणजे आरोही, तेव्हा पहिलीत होती. प्रज्ञा लेकराचा हात धरून ऑटोत बसली. पुढे रीतसर फारकत झाली, विशाल नागपूरला गेला, आणि आजी-नातीमधला फोन बंद झाला. प्रज्ञाने तो बंद केला आणि ते वाक्य ऐकलेल्या कोणालाही त्यात नवल वाटलं नाही.

विशालचं एक गेम खेळायचं मशीन टीव्हीखाली तसंच राहून गेलं होतं, आणि त्याने घेतलेलं नेटही. काळा चपटा डबा, त्याला दोन हातात धरायचा रिमोट. सिस्टर दर रविवारी तो ओल्या फडक्याने पुसायच्या. एका रविवारी पुसताना बटण दाबलं गेलं, टीव्ही आधीच सुरू होता, आणि थोड्या वेळात भिंतीवर थाप पडली. भिंतीवर थाप म्हणजे मला बोलावणं.

"मॅडम, टीव्हीत काहीतरी येऊन राह्यलं. इंग्रजीत हाय."

मी वाचलं. "सिस्टर, आरोही खेळायला बोलावतेय."

"कोण आरोही?"

"तुमचीच."

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. पुण्यात आरोहीला तिच्या आईने तसलंच, कोणाचं तरी वापरलेलं जुनं मशीन घेऊन दिलं होतं. इथलं मशीन विशालच्या नावाने चालू झालं, तिला वाटलं बाबा आले. मी रिमोट सिस्टरांच्या हातात दिला, 'हो' कुठे दाबायचं ते दाखवलं, आणि टीव्हीवर एक हिरवं माळरान उघडलं. एक गाय, एक विहीर आणि टोपी घातलेली एक छोटी मुलगी. सिस्टरांचा माणूस तिच्याशेजारी उभा राहिला. त्यांनी रिमोटवरची खुंटी जरा जोरात ढकलली तर तो सरळ विहिरीत पडला. मुलगी काठावरून वाकून पाहत राहिली. मग तिने उड्या मारायला सुरुवात केली, एकसारख्या. आपले बाबा असे चालत नाहीत, हे तिने तिथेच ओळखलं होतं म्हणे.

दोन-तीन दिवसांनी विशालचा नागपूरहून फोन आला. प्रज्ञाने कळवलं होतं, की रविवारी दुपारी तासभर खेळायला हरकत नाही. पण बोलणं नको, माईक बंद राहील.

"नसलं तर नसलं," सिस्टर म्हणाल्या. "तोंडानंच त घोळ केला ना मी."

तर असा तो रविवारचा तास. त्या खेळात शेत करायचं असतं: जमीन नांगरायची, पेरायचं, गुरं पाळायची, घर बांधायचं. सिस्टर माहेरच्या वरवट बकालच्या, शेतात वाढलेल्या. त्यांना त्या खेळातलं काही पटायचं नाही. "हे काय पेरणं हाय? कपाशीत अंतर नको?" असं टीव्हीला ऐकवत त्या नातीने वेड्यावाकड्या लावलेल्या ओळी सरळ करायच्या. नात मुद्दाम त्यात एक फूल आडवं लावून ठेवायची. बोलणं नव्हतं तरी तासभर दोघींचं काही ना काही चालूच असायचं.

मधेच नेट जायचं. टीव्हीवर गोल फिरायचा आणि सिस्टरांचा माणूस खेळातून नाहीसा व्हायचा. पुण्यात त्या पोरीला दिसायचं ते एवढंच, की विशालच्या नावाचा खेळाडू खेळ सोडून गेला. एकदा, दोनदा, मग दर रविवारी असं झालं. शेवटी विशालने फोनवर सांगितलं, "आई, आरोही म्हणते आजीला कंटाळा येतो, ती मधूनच उठून जाते."

त्या दिवशी सिस्टर जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "मले हे नेट काय असते ते शिकव. पुरं शिकव, अर्धं नको."

मला फारसं येत नव्हतं. आम्ही दोघी मिळून शिकलो. शाळेच्या सुट्टीत मी मोबाइलवर वाचून सांगायची, केबलवाला अमोल आला की त्याला त्या धरून बसवायच्या आणि प्रश्न विचारून हैराण करायच्या. राउटरमधून निघालेल्या लहरी दिसत नाहीत पण भिंतीने अडतात, लोखंडाने फार अडतात, हे कळल्यावर त्यांनी मशीन टीव्हीखालच्या लोखंडी कपाटाच्या खणातून काढून उघड्या टेबलावर ठेवलं. तेवढ्याने बराच फरक पडला. अडकलं की राउटर आणि मशीन दोन्हींची पिन काढून ठेवायची, थोडं थांबायचं, मग आधी राउटर लावायचा, त्याचे दिवे स्थिर झाले की मशीन, हा क्रम त्यांनी औषधाच्या वेळेसारखा पाळला. थोडं म्हणजे किती, याचा त्यांनी स्वतःचा हिशेब बसवला. पिन काढली की त्या त्रिशरण-पंचशील म्हणायला लागायच्या. ते संपलं की पिन लावायची. एकदा अमोलने घाईने मधेच पिन लावली तर त्यालाही हात जोडून शेवटपर्यंत उभं केलं. "बंद केलं म्हंजे मेलं नसते, आराम करून राह्यलं," त्या म्हणायच्या. "आराम पुरा होऊ दे."

सगळंच त्यांना बरोबर जमायचं असं नाही. राउटरवर धूळ बसते म्हणून त्यांनी त्याला क्रोशाचा जाड रुमाल विणून घातला होता, चांगला चारी बाजूंनी बसणारा. दोन आठवडे नेट सारखं ये-जा करत राहिलं. अमोलने रुमाल उचलला तर डबा चटका बसेल इतका तापलेला. सिस्टर ओशाळल्या. "मीच पेशंटले गोधडीत गुंडाळलं," म्हणाल्या आणि रुमाल पाण्याच्या माठावर घातला.

उन्हाळ्यात मात्र मोठी अडचण आली. चांगलं चालणारं नेट रोज जायला लागलं. अमोल म्हणाला लाइन बरोबर आहे. सिस्टरांना वाटलं मशीनला ऊन लागलं. त्यांनी ते टेबलावरून काढून फरशीवर ठेवलं, तरी तेच. दोन रविवार तसेच गेले. आरोही खेळात वाट बघायची, हे दिसायचं, आणि मग गोल फिरायचा. तिसऱ्या आठवड्यात त्या हॉलच्या मधोमध स्टूल टाकून बसल्या आणि स्वतःलाच विचारू लागल्या. "कधीपासून? अखजीपासून. अखजीले काय केलं? पुरणपोळी केली. पोळीनं नेट नाई जात. अजून काय केलं?"

मी म्हणाले, "अक्षय्य तृतीयेलाच कूलर काढला ना आपण माळ्यावरून?"

आम्ही दोघींनी एकदमच खिडकीकडे पाहिलं. राउटर बाहेरच्या पडवीत, मशीन आत हॉलमध्ये, आणि दोन्हींच्या मधे ती एकच खिडकी. आता त्या खिडकीत पत्र्याचा भला मोठा कूलर, गळ्यापर्यंत पाण्याने भरलेला. पत्रा अडवतो आणि पाणीही अडवतं, हे अमोलने नंतर सांगितलं. तोवर सिस्टरांनी धीर धरला नाही. त्या रविवारी दुपारी गल्लीतल्या दोघांना बोलावून त्यांनी कूलर रिकामा करून ओट्यावर ओढायला लावला. बाहेर मे महिन्याचं ऊन. आत सिस्टर पदराने कपाळ पुसत, चष्म्यावरून घाम निथळत असताना तासभर खेळल्या. नेट एकदाही गेलं नाही. तास संपल्यावर त्यांनी मोठा ग्लासभर ताक प्यायलं आणि म्हणाल्या, "पोट्टीनं आज पुरं घर बांधलं. मी छपराले होती." पुढच्या आठवड्यात अमोलने वायर वाढवून राउटर आत आणला, आणि कूलर जागेवर गेला.

हे गावभर झालं. नेटची तक्रार असली की लोक अमोलला फोन करायचे आणि तो आला नाही तर सिस्टरांना. त्या जायच्या. त्यांच्या रेक्झिनच्या जुन्या पिशवीत आता बी.पी.चं मशीन, गॉज, चिकटपट्टी यांच्यासोबत टेस्टर, टॉर्च आणि नेटच्या केबलचं एक भेंडोळं असायचं.

दिवाळीच्या सुट्टीत धाडहून फोन आला. द्वारकाबाई नावाची एक जुनी ओळखीची बाई होती. तिचा मुलगा गजानन सिस्टरांच्याच हातावर जन्मला होता. तो आता पंचवीस-सव्वीसचा, मळणीच्या वेळी ट्रॅक्टरवरून पडून कमरेखाली लुळा झालेला. त्याला मामाने गेमचं मशीन आणून दिलं होतं. "नेट लागत नाई, तो चिडते, जेवत नाई, भिंतीवर डोकं आपटते. तुमी येऊन जा," द्वारकाबाई फोनवर म्हणत होती. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, चल." मी गेले. बुलढाण्याला गाडी बदलली, तिथून जीप. धाडचा बाजार होता, जीपमध्ये कोंबड्यांसकट माणसं.

घर चांगलं होतं. पुढे मोठी खोली, टीव्ही, खुर्च्या. मधल्या खोलीत छतापर्यंत सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी. आणि मागे पत्र्याची खोली. त्या खोलीत गजानन. राउटर पुढे, तो मागे, मधे सगळी पोती. नेट का येत नाही ते आत पाऊल टाकताच मला कळलं. मी बोलणार तेवढ्यात सिस्टरांनी मला डोळ्याने गप्प केलं.

त्या हात धुऊन आल्या. मशीनकडे पाहिलंच नाही. "आधी पेशंट," म्हणाल्या आणि आम्हाला बाहेर काढलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं तेव्हा गजाननची चादर बदललेली होती, पाठीवरच्या जखमेला पट्टी लागली होती. सिस्टर द्वारकाबाईला दर थोड्या वेळाने कूस कशी बदलायची ते दाखवत होत्या आणि रागावत होत्या. मग त्यांनी माझा मोबाइल मागितला, नेटचा जोर दाखवणाऱ्या दांड्या पडद्यावर काढून घेतल्या, आणि तो हातात धरून त्या साऱ्या घरभर हिंडल्या. मागच्या खोलीतून मधल्या खोलीत, तिथून पुढे. मागोमाग गजाननचे वडील किसनराव आणि द्वारकाबाई. पुढच्या खोलीत खिडकीजवळ येऊन त्या थांबल्या.

"हे पाहा किसनभौ, इथी पुऱ्या दांड्या येतात. याची खाट इथी टाका."

किसनराव अडखळले. "इथं? इथं माणसं येतात-जातात, सिस्टर. पाहुणे असतात. बरं नाई दिसत."

"त्याले नेट पाह्यजे ना?"

"हाव."

"मंग नेट इथीच येते. मागं नाई येत. मी काय करू?"

किसनरावांनी बायकोकडे पाहिलं. द्वारकाबाई खुर्च्या उचलायला लागली. शेजारचे दोघं आले, खाट उचलली, गजाननसकट. पोत्यांमधून आणताना तो डोळे घट्ट मिटून होता. पुढच्या खोलीत खाट टेकली, खिडकी उघडी होती, रस्त्यावरून बाजाराची माणसं चालली होती. कोणीतरी रस्त्यावरूनच ओरडलं, "गज्या! अबे, कुठी व्हता इतके दिवस?" आणि तो माणूस सरळ आत आला, खाटेच्या काठावर बसला. गजानन त्याच्याशी काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. सिस्टर तेव्हा टीव्हीमागे वाकून पिना लावत होत्या.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "सिस्टर, मागच्या खोलीपर्यंत केबल ओढली असती तरी चाललं असतं ना?"

"चाललं असतं ना. पिशवीतच व्हती केबल."

"मग?"

"मंग तो तिथीच राह्यला असता," त्या म्हणाल्या आणि शेजारच्या माणसाची कोंबडी बाजूला सारून डोळे मिटून घेतले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका रविवारी आरोही आली नाही. सिस्टरांनी इथलं सगळं तपासलं. नेट नीट होतं, दिवे बरोबर होते. पुढचा रविवारही तसाच गेला. माळरानावर त्यांचा माणूस एकटाच उभा, पिकाला पाणी घालायची वेळ टळून गेलेली. तिसऱ्या रविवारी त्यांनी टीव्ही लावला पण रिमोट हातात घेतला नाही. "प्रज्ञानं बंद केलं असंन," म्हणाल्या. "तिचं लेकरू, तिचा हक्क." विशालला विचारा असं मी सुचवलं. त्यांनी नाही म्हटलं. त्या वेळी पहिल्यांदा मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

आणखी एक रविवार उलटला. दुपारी मी त्यांच्याकडे चहाला बसले होते, तेव्हा त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. सिस्टरांनी उचलला, "हॅलो" म्हटलं आणि पलीकडचा आवाज ऐकून फोन कानापासून दूर धरला. मग माझ्याकडे पाहत स्पीकर लावला.

"मी प्रज्ञा बोलतेय. आरोहीचं मशीन नेट पकडत नाहीये. आम्ही घर बदललं. नवीन राउटर आहे. मी सगळं करून पाहिलं, नेटवाल्याला पण बोलावलं, बाकी सगळं चालतं, फक्त मशीन नाही. ती रोज रडते. म्हणते आजीला विचार." आवाज कोरडा होता, पाठ केलेलं म्हणावं तसा.

सिस्टरांनी विचारलं, "कधीपासून?"

"घर बदलल्यापासून. महिना होत आला."

"बरं. टीव्ही लाव. मी पण लावते. मी सांगतो... मी सांगते तसं कर." त्या इतक्या गोंधळल्या होत्या की बोलताना जीभ अडखळत होती. मी त्यांच्या मशीनवर एकेक पान उघडून इंग्रजी वाचायची, त्या ते आपल्या शब्दांत पुण्याला सांगायच्या. जुन्या घराच्या नेटचं नाव मशीनमध्ये तसंच बसलं होतं, ते आधी पुसायला लावलं. मग दोन्ही पिना काढायला सांगितल्या.

"काढल्या," प्रज्ञा म्हणाली.

"आता थांब. लगेच लावू नको."

"किती वेळ?"

मला वाटलं, त्या आता पंचशील म्हणायला लागतील. पण त्यांनी हात जोडले नाहीत. फोनमधून पुण्याच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. मी उठून जावं की काय अशा विचारात होते, तेवढ्यात सिस्टर बोलल्या.

"प्रज्ञा. तू जाऊन राह्यली व्हती तेव्हा मी दारात बोलली. लेकरू ठेवून जा म्हणली. थे बोलायले नव्हतं पाह्यजे."

त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"एवढी बाळंतपणं केली मी. लेकरू पह्यले आईच्या छातीवर ठेवायचं, हे दुसऱ्यांना शिकवलं. अन् माह्या घरी मीच असं बोलली. तू जवाब देऊ नको. मी फक्त सांगून राह्यली."

बराच वेळ गेला. मी चहाच्या कपाकडे पाहत होते. त्यावर साय धरली होती.

"राउटर लावू का आता?" प्रज्ञाने विचारलं. आवाज बदलला होता, नाक ओढल्यासारखा.

"लाव."

मग,

"आई, दिवा लागला."

सिस्टरांनी डोळ्यांवरून चष्मा काढला. "कोणता? लाल का हिरवा?"

"हिरवा. स्थिर आहे."

"मंग मशीन लाव. आता तुह्या मोबाइलमधी नेटचे दोन नावं दिसतीन. एकाच्या शेवटी पाचचा आकडा असंन. थे नको घेऊ. मशीनवर दुसरं घे. मशीन जुनं हाय, त्याले तो नवीन रस्ता दिसत नाई."

"पण माझ्याकडे एकच दिसतंय. पाचवालंच."

मी मान हलवली. असं होऊ शकतं हे आम्ही वाचलं होतं. राउटर बसवणाऱ्याने एकच बाजू चालू ठेवली होती. ती दुसरी बाजू फोनवरून चालू करायला आणखी बराच वेळ गेला. प्रज्ञा दोनदा चुकली, सिस्टर एकदाही रागावल्या नाहीत. शेवटी पलीकडे एक किंकाळी ऐकू आली, पोरीची, आणि आमच्या टीव्हीवर माळरानात टोपी घातलेली मुलगी उभी राहिली. ती थेट सिस्टरांच्या माणसापाशी येऊन त्याच्याभोवती गोल धावत सुटली.

"लागलं," प्रज्ञा म्हणाली.

"हाव, दिसून राह्यलं." मग जरा थांबून, "जेवली का तू?"

"नाही अजून."

"मंग जेव." आणि त्यांनी फोन ठेवला. ठेवल्यावर त्या मोरीत जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारत होत्या. मी तेवढ्या वेळात त्यांच्या माणसाला उगीच इकडे तिकडे चालवत राहिले, पोरीला वाटू नये आजी गेली म्हणून.

पुढच्या रविवारी खेळ सुरू झाला आणि टीव्हीतून एकदम आवाज आला, "आजी, गाय सुटली! पकड तिला!" सिस्टर दचकल्या. माईक चालू झाला होता. त्या दिवसापासून भिंतीपलीकडून मला रविवारी आरडाओरडा ऐकू यायचा. कपाशीतल्या अंतरावरून दोघींची खरीखुरी भांडणं व्हायची. प्रज्ञाचा आवाज मी फार कमी ऐकला. कधी मागून विचारायची, "आई, गुडघा कसा आहे?" सिस्टर सांगायच्या, "हाय तसाच."

असं साल-दीड साल चाललं. मग प्रज्ञाला ऑपरेशन सांगितलं, पोटाचं, मोठं. तिला आई नव्हती. ऑपरेशन ठरल्यावर तिने सिस्टरांना फोन करून तारीख सांगितली आणि म्हणाली, "तुम्ही याल का?" सिस्टरांनी हो म्हणायलासुद्धा वेळ घालवला नाही, ऑपरेशन कोणतं, डॉक्टर कोण, भूल कोणती देणार, असे प्रश्न विचारायला लागल्या. दोन दिवसांत बांधाबांध झाली. मेतकूट, ज्वारीचं पीठ, जुने मऊ सुती कपडे धुऊन-वाळवून. गेमचं मशीन त्यांनी कापडात गुंडाळून गजाननकडे पाठवून दिलं, त्याचं बिघडलं होतं म्हणून. मी म्हटलं, तुम्हाला लागेल ना परत आल्यावर. "पाहू," म्हणाल्या.

त्यांना बसवून द्यायला मी स्टँडवर गेले होते. सकाळची वेळ, पुण्याची गाडी फलाटाला लागलेली. त्यांनी नवीन निळी साडी नेसली होती आणि केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता. पिशवी मला उचलू दिली नाही. खिडकीची जागा मिळाली, पण काच अर्ध्यात अडकली होती. ती ओढून बसवेपर्यंत कंडक्टरला त्यांनी चांगलंच झापलं. खाली बोरं विकणारी एक म्हातारी उभी होती, त्यांच्या जुन्या पेशंटांपैकी कोणी असावी. तिने टोपली कडेवर सावरत वर पाहून विचारलं,

"सिस्टर, कुठी निघाल्या सकाळी सकाळी? पोराकडं?"

"नाई वं," सिस्टर खिडकीतून म्हणाल्या. "घरी चालली."

म्हातारीने मूठभर बोरं खिडकीतून आत दिली. सिस्टरांनी ती पदरात घेतली. गाडी मागे सरली, वळली आणि सुलतानपूरच्या रस्त्याला लागली.